कुंडीतलं पिठलं

दुपारची जेवणं उरकून गच्चीवरचे कपडे काढायला गेले, तर कढीपत्त्याच्या कुंडीत कुणीतरी पातळ पिठलं सांडलेलं. रंग अगदी तोच, हळद जरा सढळ हाताने पडलेला. आषाढाची झड नुकतीच ओसरली होती. वाकून बघितलं तर उसाच्या चिपाडांवर ओला, पिवळाधमक थर, आणि कडेला त्याचे बारीक बारीक फाटे फुटलेले. कठड्यापलीकडून शेजारच्या काकूंनी मान उंचावली. "मांजर ओकलं का गं?"

आता ही चिपाडं कुंडीत आली कुठून, तर मीच आणते, रसवंतीवरून, पोतं भरून. "गायीला का ताई?" असं रसवंतीवाला विचारतो आणि मी हो म्हणते. कुंड्यांना घालायला, असं सांगितलं तर पुढे बरंच बोलावं लागतं. चिपाडं, नारळाच्या शेंड्या, रस्त्यावरच्या बदामाची पडलेली पानं, काहीही मला टाकवत नाही. कुंडीतली उघडी माती दिसली की मला कुणीतरी थंडीत उघडं झोपल्यासारखं वाटतं. घरात यावर बोलणं होऊन गेलंय, आता फक्त सुस्कारे ऐकू येतात.

पाऊस मुरला की या कचऱ्यात सगळी मंडळी हजर होतात. सकाळी राखाडी छत्र्या उभ्या असतात, दुपारी त्यांचं काळं पाणी होऊन वाहून गेलेलं असतं. शेंड्यांवर करंगळीच्या नखाएवढ्या वाट्या येतात, तळाशी चारपाच काळपट टिकल्या. वाटीत पावसाचा टपोरा थेंब नेमका पडला की टिकली उडून पार हातभर लांब जाते. बीजप्रसाराची ही सोय मी डोळ्यांनी बघायला छत्री घेऊन उभी राहिलेली आहे. टिकली उडाली ती नेमकी मी शिंकताना.

पण हे पिवळं प्रकरण बुरशीतलं नाहीच. फुलिगो सेप्टिका त्याचं नाव. वनस्पती नाही, प्राणी नाही, बुरशीही नाही. हातभर पसरलं तरी सगळी मिळून एकच पेशी, आत केंद्रकं मात्र अगणित. आणि ते चालतं. तासाला जेमतेम सेंटिमीटरभर, पण चालतं. कुजक्या पाल्यातले जिवाणू, बुरशीचे बीजाणू गिळत पुढे सरकतं. कपडे घड्या करून ठेवून, चहा पिऊन परत वर गेले तर महाराज कुंडीच्या काठावर चढून बाहेरच्या अंगाने उतरायच्या बेतात होते. झाडाला त्याचा काडीचा त्रास नाही. एकदोन दिवसांत वाळून पापुद्रा धरतं, आत तपकिरी भुकटी, वाऱ्यावर उडून जाते. तरी काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलाच आणि तासाभरात तिघांनी तीन फवारण्या सुचवल्या. मी अंगठा दाखवला आणि फोन उलटा ठेवला.

याच्याच एका भावकीतल्याने, फायसॅरम नावाच्या, मोठं नाव काढलंय. २००० साली जपानमध्ये तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याला एका भूलभुलैयात सोडलं, दोन टोकांना ओट ठेवले. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी त्याने चुकीच्या गल्ल्यांतून अंग काढून घेतलं आणि सर्वांत जवळच्या वाटेवर एक जाड नळी तेवढी ठेवली. २०१० साली टोकियोच्या आसपासच्या शहरांच्या जागी ओट मांडले, तर याने विणलेलं जाळं तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी जुळतं निघालं. आमच्या कोपऱ्यावरचा रस्ता ज्यांनी आखला त्यांना कुणीतरी हे दाखवायला हवं, पण तो विषय नको.

जपानी लोकांना याचं वेड जुनंच. मिनाकाता कुमागुसू नावाचे एक विक्षिप्त निसर्ग-अभ्यासक होते. त्यांच्या अंगणातल्या पर्सिमॉन नावाच्या फळझाडावर त्यांना असाच एक नवा प्रकार सापडला, आणि लंडनच्या गुलिएल्मा लिस्टर बाईंनी १९२१ साली त्याला त्यांचं नाव दिलं. १९२९ साली सम्राट हिरोहितोंपुढे बोलायचा मान मिळाला, कारण सम्राटांनाही हाच नाद. कुमागुसूंनी ११० नमुने भेट नेले, ते कॅरमेलच्या गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांतून! सम्राटाला द्यायची वस्तू चांगल्या लाकडी पेटीतून द्यायची रीत, पण खोकी हाताशी होती, झालं. मी खोकी, डबे, बरण्या साठवते त्याला घरात नावं ठेवतात. त्यांना ही गोष्ट मी जेवताना सांगितली. कुणी काही बोललं नाही, भाजी मात्र पुन्हा मागितली.

आमच्या कोकणातल्या घरी आजीचा हिशोब सरळ होता. पावसात जे उगवतं ते एकतर खायचं, नाहीतर त्याला हात लावायचा नाही. अळंबी घेऊन एक म्हातारी यायची, डोक्यावर इरलं, टोपलीत सागाच्या पानांत बांधलेले वाटे. आजी तिच्याखेरीज कुणाकडून घ्यायची नाही. हळदीत टाकून, चांदीचं नाणं लावून विषारी अळंबी ओळखता येते असं सांगणारे गावात होते (येत नाही, कुणी करूही नये), आजीचा भरवसा त्या म्हातारीवर. पडवीत पान सोडलं की ओल्या मातीचा वास यायचा. पांढरट टोप्या, मधोमध काळपट टोक, खाली दांडा इतका लांब की मुळाशी बारीक होत होत कुठे तुटला ते कळू नये. "ती बघ मोठी!" म्हणून मी बोट दाखवलं तर आजी हातावर चापट मारायची. बोट दाखवलं की कुजतं. दाखवायचंच तर बोट दुमडून, पेराने. अजूनही मी कोवळ्या दुधीकडे तसंच दाखवते. मग खोबऱ्याचं वाटप, दोन आमसुलं, आणि श्रावणात मटणाची आठवण काढणाऱ्यांचं तोंड बंद.

म्हातारी जागा कुणाला सांगायची नाही. लेकीलाही सांगितली नाही म्हणत. जागा म्हणजे वारूळ. वाळवी जमिनीखाली पालापाचोळा चावून त्यावर ही बुरशी पोसते, तिच्यावरच जगते. पावसात तीच बुरशी लांब दांडा काढून वर येते. माणसाला ही शेती अजून साधलेली नाही. धिंगरी होते, बटण होतं, ही होत नाही. वाळवी असेल तरच अळंबी.

गावामागच्या टेकाडावर गेल्या वर्षी प्लॉट पाडले. आधी झाडं गेली, मग जेसीबीने वारुळं सपाट केली, वर लाल मातीचे रस्ते, चुन्याच्या रेघा. भावाला फोनवर विचारलं, अळंबी येते का रे बाजारात? म्हणाला, त्यात काय, बटण मशरूम बारा महिने मिळतं हल्ली तालुक्याला.

मिळतं खरं. मला नाही आवडत.