उकळलेलं पाणी बॅटरीत नको, बॅटरीचं पाणी पोटात नको

मोदकपात्राचं झाकण उचललं की आतल्या बाजूला थेंब लोंबत असतात. ते मोदकांवर पडले की पारी चिकट होते, म्हणून झाकणाला फडकं बांधायची पद्धत आहे. ते थेंब म्हणजे डिस्टिल्ड वॉटर आणि खाली भांड्यात खळखळतंय ते उकळलेलं पाणी. दोघांत अंतर वीतभर, पण गुण अगदी वेगळे. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार वर जात नाहीत, खालीच राहतात. त्यामुळे झाकणाचा थेंब कोरा आणि तळाचं पाणी दर मिनिटाला आधीपेक्षा जास्त क्षारांचं.

शाळेच्या पुस्तकातलं 'ऊर्ध्वपातित जल' ते हेच. घरात तो शब्द कोणी वापरत नाही. पेट्रोल पंपावर 'बॅटरीचं पाणी द्या' म्हटलं की पाच लिटरचा कॅन पुढे येतो.

उकळणं हा जंतूंवरचा उपाय आहे, क्षारांवरचा नाही. कॉलरा, टायफॉइड, पाण्यातून येणारी कावीळ, जिआर्डिया या परजीवीचे जुलाब, सगळ्यांचा निकाल उकळीत लागतो. मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे पाणी इथे १०० अंशांवर उकळतं. खळखळून उकळी फुटली की काम झालेलं असतं. सावधगिरी म्हणून आणखी एक मिनिट ठेवा. 'वीस मिनिटं उकळा' हा सल्ला अजून घरोघरी चालतो, पण त्यात गॅस जाण्यापलीकडे फारसं काही साधत नाही. इलेक्ट्रिक किटली आपोआप बंद होते तोवरही पुरेसं तापलेलं असतं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर मात्र आधी निवळू द्या, वरचं पाणी चौपदरी सुती फडक्यातून गाळा आणि मग उकळा. तळाचा गाळ ढवळून तसाच उकळण्यात काही अर्थ नाही.

उकळलेलं पाणी बिघडतं ते नंतर. पातेल्यातून हंड्यात ओततो, त्यात ओगराळं बुडवतो, आणि त्या ओगराळ्याला चार जणांचे हात लागलेले असतात. निर्जंतुक झालेल्या पाण्याला स्वतःचं संरक्षण काहीच नसतं, कारण उकळताना त्यातला क्लोरीनही उडून गेलेला असतो. म्हणून झाकणाचं, तोटी असलेलं भांडं घ्या आणि पाणी चोवीस तासांत संपवा. उकळल्यावर चव बेचव लागते, कारण विरघळलेली हवा निघून जाते. दोन स्वच्छ भांड्यांत वरून खाली दोनदा ओतलं की ती बरीचशी परत येते.

आता क्षारांचा हिशेब. पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांना टीडीएस म्हणतात आणि ते पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. ४०० पीपीएम टीडीएसचं एक लिटर पाणी आटवून अर्धा लिटर केलं, तर तेवढेच क्षार निम्म्या पाण्यात राहतात. आकडा सरळ ८०० होत नाही, कारण बायकार्बोनेटच्या रूपातला कॅल्शियम उकळताना कार्बोनेट होऊन खाली बसतो. किटलीच्या तळाला पांढरा थर येतो तो हाच. तेवढ्यापुरतं पाणी उकळल्याने थोडं मऊ होतं, हे खरं. पण क्लोराइड, सल्फेट, सोडियम, नायट्रेट कुठेही जात नाहीत. शिसं किंवा आर्सेनिक असेल तर तेही तसंच राहतं, आणि पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून 'उकळून उकळून शुद्ध केलेलं' पाणी बॅटरीत घालणं ही शुद्ध फसगत आहे. जितकं जास्त उकळाल तितकं ते बॅटरीला वाईट.

किटलीचा तो थर काढायला लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून एक उकळी आणा आणि वीस मिनिटं तसंच ठेवा. बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड. मग नुसत्या पाण्याची एक उकळी काढून ओतून द्या. तारेच्या घासणीने खरवडू नका, चरे पडले की पुढचा थर तिथेच घट्ट धरतो.

मुंबईत हा थर प्रत्येक घरात सारखा येत नाही. पालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतलं, म्हणजे मूळचं पावसाचंच. ते मऊ असतं, टीडीएस बहुधा शंभराच्या आतबाहेर. टँकरचं किंवा सोसायटीच्या बोअरिंगचं पाणी यायला लागलं की चित्र बदलतं: नळांच्या तोंडाशी पांढरी कड येते, साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल लवकर जाते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम धरतं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. एका इमारतीत दोन्ही पाणी एकाच टाकीत येत असेल तर आजचा आकडा उद्या खरा नसतो, हे लक्षात ठेवा.

टीडीएस मोजायचा मीटर नसेल तर स्टीलच्या स्वच्छ ताटलीवर तीन थेंब टाका, एक नळाचं, एक उकळलेलं, एक डिस्टिल्ड. पंख्याखाली वाळू द्या आणि ताटली उजेडात तिरकी धरा. नळाच्या थेंबाजागी पांढरी कड दिसेल, उकळलेल्याच्या जागीही दिसेल. डिस्टिल्डचा डाग शोधावा लागतो. टीडीएस मीटर हेच आकड्यात सांगतो, कारण तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. जंतूंबद्दल तो चकार शब्द काढत नाही: शून्य टीडीएसचं पाणी जंतूंनी भरलेलं असू शकतं.

जाता जाता, दारावर येऊन दोन सळ्या पाण्यात बुडवून तपकिरी गाळ दाखवणाऱ्या विक्रेत्यांची जादू याच तत्त्वावर चालते. गाळ पाण्यातला नसतो. क्षारांमुळे वीज वाहते आणि लोखंडाची सळी झिजून गंजाचा लगदा होतो. आरओच्या ग्लासात क्षार कमी, म्हणून सळी झिजत नाही आणि पाणी 'शुद्ध' ठरतं. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत दाखवायला सांगा.

डिस्टिल्ड पाण्याचं घरातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी. दक्षिण मुंबईत इन्व्हर्टर क्वचितच दिसतो. वसई, कल्याण, बदलापूरकडे तो हवाच. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना त्यातलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडतं. ॲसिड उडत नाही. म्हणून भर घालायची ती फक्त पाण्याची, ॲसिडची कधीच नाही. नळाचं किंवा उकळलेलं पाणी घातलं तर पाणी पुन्हा उडतं आणि क्षार आतच साठतात. दर वेळी थोडे, पण बाहेर पडायला वाट नसते. लोह आलं की बॅटरी पडून असतानाही आपोआप उतरते, क्लोराइड आलं की पॉझिटिव्ह प्लेटची जाळी झिजते. पहिल्या महिन्यात काहीच कळत नाही, म्हणूनच लोक फसतात. वर्षाने बॅकअप तीन तासांवरून तासावर येतो आणि दोष कंपनीला जातो.

भरायची रीत अशी. आधी बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्या, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी काठोकाठ भरली तर ॲसिड बाहेर सांडतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील इतकंच पाणी घाला, बाकीचं नंतर. इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा, खिडकी उघडा, देवघरातला दिवा आणि उदबत्ती त्या खोलीत नको. हातातली बांगडी, अंगठी काढून ठेवा, डोळ्यांना चष्मा असू द्या. झाकणं उघडण्याआधी बॅटरीचा वरचा भाग ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर धूळ आत जाते. प्लॅस्टिकचं नरसाळं वापरा, धातूचं नको. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि सगळे सारखे आटत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा तरंगता काटा वेगळा बघा. हिरव्या खुणेला आला की थांबा. एकच कप्पा सारखा कोरडा पडत असेल तर पाणी ओतत बसू नका, तो कप्पा बिघडलाय. ॲसिड सांडलंच तर त्यावर खाण्याचा सोडा टाका, फसफस थांबली की पुसा. हे दर दोन-तीन महिन्यांनी बघायचं, एप्रिल-मे मध्ये महिन्याला. सीलबंद बॅटरीला यातलं काहीच लागू नाही.

दुकानात 'बॅटरीचं पाणी' म्हणून मिळतं ते बऱ्याचदा वाफेचं नसतंच. ते डीएम वॉटर असतं, रेझिनमधून गाळून क्षार काढलेलं. बॅटरीला ते तितकंच चालतं. पण रेझिन जंतू मारत नाही आणि कॅनही पिण्याच्या दर्जाचा असेलच असं नाही, म्हणून ते पिऊ नये आणि नाकात तर अजिबात घालू नये. आरओचं पाणी दोन्हीकडे अर्धवट: त्यात चवीसाठी क्षार मुद्दाम ठेवलेले असतात, तेव्हा बॅटरीला ते नको. एसीच्या नळीतून येणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं, म्हणजे जन्माने डिस्टिल्डच. मुंबईच्या दमट हवेत बादली भरायला वेळ लागत नाही. पण येताना ते तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, धूळ आणि बुरशी धुऊन आणतं. लादी पुसायला उत्तम, बॅटरीत नको.

नाकाचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. जलनेतीला नळाचं पाणी थेट वापरू नका. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो. केरळमधल्या रुग्णांच्या बातम्या २०२४-२५ मध्ये सगळ्यांनी वाचल्या. आजार दुर्मीळ आहे, पण खबरदारी एका उकळीची. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याला थोडं कमी. बिनमिठाचं पाणी, डिस्टिल्ड असलं तरी, नाकात झोंबतं.

लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या कोरड्या सिरपमध्ये उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घालायचं, किंवा खोक्यात सोबत येणारी निर्जंतुक पाण्याची कुपी. आधी बाटली हलवून पावडर मोकळी करा, खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून हलवा, मग खुणेपर्यंत भरा. गरम पाणी घातलं तर औषध बिघडू शकतं. दुधाच्या पावडरचं उलटं आहे: तिच्यातच जंतू असू शकतात, म्हणून उकळलेलं पाणी ७० अंशांखाली जायच्या आत कालवायचं आणि मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करायची. कॉन्टॅक्ट लेन्सला मात्र उकळलेलं नको, डिस्टिल्डही नको. फक्त लेन्सचं सोल्यूशन.

घरी करून बघायचंच असेल तर मोठ्या पातेल्यात तिवई, तिच्यावर स्टीलची वाटी, वर झाकण उलटं म्हणजे मूठ खाली, आणि झाकणात बर्फ. मूठ वाटीच्या बरोबर वर हवी. पाणी तिवईखालीच राहील इतकं घ्या आणि आच मंद ठेवा, खळखळ झाली की शिंतोडे वाटीत उडतात आणि सगळं मुसळ केरात. पहिली पाच-सात मिनिटं वाटी न ठेवता वाफ जाऊ द्या, म्हणजे क्लोरीन निघून जातो, आणि तळाचं एक चतुर्थांश पाणी आटवू नका. एक लिटर पाणी नुसतं उकळायला ०.०९ युनिट ऊर्जा लागते, त्याची पूर्ण वाफ करायला ०.७च्या वर, म्हणजे आठपट. गॅसवर हिशेब केला तर १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये फार तर दीडशे लिटर, तेही वाफ जराही वाया गेली नाही तर. प्रयोग म्हणून मुलांना दाखवा, बॅटरीसाठी कॅन आणा.

स्टीम इस्त्रीला पालिकेचं पाणी चालतं. टँकरचं असेल तर निम्मं डिस्टिल्ड मिसळा, नाहीतर छिद्रं बुजून गडद कपड्यांवर पांढरे ठिपके पडतात. गाडीच्या कूलंटचं कॉन्सन्ट्रेट आणलंत तर ते डिस्टिल्डमध्येच कालवा, प्रमाण डब्यावर असतं. आणि वाफारा घ्यायचं प्लॅस्टिकचं स्वस्त यंत्र डिस्टिल्ड पाण्यावर चालतच नाही. त्यात तापणारी कॉइल नसते, दोन पट्ट्यांमधल्या पाण्यातून वीज जाऊन पाणी तापतं आणि क्षार नसले तर वीज जात नाही. नळाच्या मऊ पाण्यावरही वाफ मंद आली तर दोन-चार कण मीठ पुरतं. चमचाभर टाकलंत तर फ्यूज उडतो.

कॅन उघडल्यावर झाकण घट्ट लावा आणि नरसाळ्यात उरलेलं पाणी परत आत ओतू नका. छोट्या बाटलीत काढून ठेवायचं असेल तर बिसलेरीची रिकामी बाटली घेऊ नका, कोणीतरी तहानेला उचलेल. आणि बॅटरीच्या दुकानात ॲसिडही अशाच पांढऱ्या कॅनमध्ये मिळतं, तेव्हा घरी आणल्या आणल्या मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहा.