दहा मिनिटांत होकार

दत्तकासाठी पोर्टलवर नाव टाकलं तेव्हा वाटलं फॉर्म भरला की झालं, पण खरी धाकधूक होम स्टडीची, म्हणजे घरी येऊन होणाऱ्या चौकशीची, सोशल वर्कर ताई येणार म्हणून मी पार माळासुद्धा झाडला आणि त्यांनी विचारलं काय, तर आजी-आजोबांना मान्य आहे ना, बाळाला खरं कधी सांगणार! सासूबाई पटकन म्हणाल्या, अहो कृष्णसुद्धा यशोदेचाच की. मग नुसती वाट, वर्षं गेली. एका दुपारी रेफरल आला, म्हणजे आमच्यासाठी एक बाळ सुचवलं, फोटो, मेडिकल रिपोर्ट आणि ठरवायला फक्त ४८ तास. आम्हाला दहा मिनिटं लागली, त्यातली आठ नेट गेलं म्हणून. दत्तकाची ऑर्डर आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, ती यायच्या आधीच फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या सांभाळासाठी, लेक घरी आली. पहिल्या रात्री कुणीच झोपलं नाही.