झेंडा नंतर दाखवा, आधी नागरिकत्वाचं कलम दाखवा

जगात कुठेतरी एखादा प्रदेश म्हणतो आम्हाला वेगळा देश पाहिजे, मग त्यांच्यातली चार हुशार माणसं बसून राज्यघटनेचा मसुदा लिहितात, आणि असले मसुदे वाचायचा मला नाद आहे. घरचे हसतात, हसू द्या. प्रस्तावना मी वाचतच नाही, सगळ्यांची सारखीच असते, आम्ही शूर, आमचा इतिहास थोर वगैरे. मी डायरेक्ट नागरिकत्वाच्या कलमावर जातो. पहिल्या दिवशी सकाळी कोण आत आणि कोण बाहेर, तेवढं सांगा.

हे धंद्यामुळे झालंय. नंदुरबार साइडला माझं सेतूचं काम आहे, दिवसभर दाखले. जातीच्या दाखल्याला एसटीवाल्याकडे 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागायचा, एससीला 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967. तारखा पाठ झाल्यात, झोपेत विचारा. समोरच्याला विचारलं की बाबा तुमच्या आजोबांचा जन्म कुठला, तर तो म्हणतो "माले काय माहीत भो", आणि खरंच आहे ना, कुणाला माहीत असतं. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढायची, नशिबाने पान फाटलेलं नसलं तर त्यात अमक्याला मुलगा झाला एवढंच असतं, मुलाचं नावच नाही, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली. त्यात ते मोडी लिपीत असलं तर वाचणारा शोधा. आता हा जो बिननावाचा "मुलगा" आहे तोच आमचा आजोबा, हे सिद्ध करता करता नातवाची ॲडमिशनची तारीख निघून जाते. हा नुसत्या दाखल्याचा प्रश्न झाला. इथे देशच नवीन असेल तर काय होईल, विचार करा.

म्हणून मला स्कॉटलंडचं आवडलं होतं. ब्रिटनमधून बाहेर पडायचं का यावरच्या 2014 च्या सार्वमताआधी त्यांच्या सरकारने जाडजूड प्रस्ताव काढला, पुढे अंतरिम घटनेचा मसुदापण काढला, आणि नागरिकत्वाचा नियम साधा होता: स्वातंत्र्याच्या दिवशी जो ब्रिटिश नागरिक स्कॉटलंडमध्ये राहतोय तो आपोआप स्कॉटिश, मग बाप इंग्लंडचा असो का अजून कुठला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला ब्रिटिश नागरिक कुठेही राहत असला तरी तोही आपोआप. आई-बाप किंवा आजी-आजोबा तिकडचे असतील तर पुरावा देऊन नाव नोंदवा. दोन नागरिकत्वं ठेवायची तर ठेवा. ज्याला नको असेल त्याने नको सांगायचं, म्हणजे फॉर्म भरायचा त्रास बाहेर जाणाऱ्याला, आत राहणाऱ्याला नाही. आपल्या ऑफिसांमध्ये हे नेमकं उलटं असतं.

आणि एक गंमत. मतदान कुणी करायचं तर तिथे राहणाऱ्यांनी. लंडनला नोकरीला गेलेल्या अस्सल स्कॉटिश माणसाला मत नव्हतं, पण तिथे कायदेशीर राहणाऱ्या, यादीत नाव असलेल्या आपल्या भारतीय माणसाला होतं, कॉमनवेल्थवाला म्हणून. बाहेरून येणाऱ्यांसाठी पॉइंटची सिस्टिम, म्हणजे शिक्षण-अनुभव बघून गुण द्यायचे, ती आणायची आणि इंग्लंड-आयर्लंडशी येणंजाणं मोकळं ठेवायचं असंही प्रस्तावात होतं. 55 टक्के लोकांनी नको म्हटलं आणि सगळं कागदावरच राहिलं, ते जाऊ द्या.

आता उलटं उदाहरण, स्लोव्हेनिया. 25 जून 1991 ला युगोस्लाव्हियातून बाहेर पडले. नियम वरवर पाहिला तर उदार होता: दुसऱ्या युगोस्लाव्ह प्रांतातली जी माणसं 23 डिसेंबर 1990 ला, म्हणजे सार्वमताच्या दिवशी, इथे कायम रहिवासी होती त्यांनी अर्ज केला की नागरिकत्व. फक्त अर्ज सहा महिन्यांत. बहुतेकांनी केला. पण काहींना कळलंच नाही, काहींना वाटलं आपण इथेच जन्मलो, इथेच नोकरी, आपल्याला कशाला अर्ज, काहींचे नामंजूर झाले. मग 26 फेब्रुवारी 1992 ला सरकारने गुपचूप या सगळ्यांची नावं कायम रहिवाशांच्या यादीतून उडवली. 25,671 माणसं. नोटीस नाही, पत्र नाही. एखादा लायसन्स रिन्यू करायला ऑफिसात गेला तर खिडकीतल्या बाईने त्याचं कार्ड घेतलं आणि त्याला भोक पाडून परत दिलं, झालं, आता तू परदेशी. नोकरी गेली, दवाखान्याची सोय गेली, काहींना हद्दीबाहेर काढलं. तिकडे त्यांना "पुसलेले" म्हणतात. प्रकरण युरोपच्या मानवाधिकार कोर्टात गेलं आणि 2012 ला तिथल्या मोठ्या पीठाने सरकारविरुद्ध निकाल दिला, म्हणजे वीस वर्षं. सहा महिन्यांची मुदत ठरवणारा माणूस कधी खिडकीच्या अलीकडे उभा राहिला नसणार, माझं स्पष्ट मत.

आपलं काय फार सोपं झालं असं नाही हां. बाबासाहेबांनी ऑगस्ट 1949 मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं की एखादं कलम सोडलं तर या नागरिकत्वाच्या कलमाएवढी डोकेदुखी मसुदा समितीला कशाचीच झाली नाही. तारखाच बघा ना. पाकिस्तानातून 19 जुलै 1948 च्या आधी आलात, तुम्ही स्वतः, आई-बाप किंवा आजी-आजोबांपैकी कुणी अखंड भारतात जन्मलेलं आहे आणि तेव्हापासून इथेच राहताय, तर आपोआप नागरिक. त्यानंतर आलात तर सहा महिने राहा, अर्ज करा, नोंदणी करा. आणि 1 मार्च 1947 नंतर तिकडे गेलात तर नागरिक नाही, फक्त परत राहायला यायचं परमिट घेऊन आलात तर वेगळं. जळगावची सिंधी कॉलनी आपल्या सगळ्यांना माहितीये. कराचीहून बोटीत बसलेल्या माणसाला काय माहीत की बोट चार दिवस लेट झाली तर आपण वेगळ्या कलमात जाणार.

अमरावतीचे पंजाबराव देशमुख तर चिडलेच होते, म्हणाले अशाने भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल. माणूस मोठा, शेतकऱ्यांसाठी केलेलं काम मोठं, पण इथे मला ते पटत नाही. महाग नागरिकत्वाची किंमत कोण भरतं ते मी रोज काउंटरवर बघतो, ज्याच्याकडे कागद नाही तोच भरतो. बाकी एक गोष्ट घटनाकारांनी हुशारीची केली. पूर्ण घटना 26 जानेवारी 1950 ला लागू झाली पण नागरिकत्वाची कलमं दोन महिने आधीच, 26 नोव्हेंबर 1949 लाच लागू केली, मतदार याद्यांच्या आधी मतदार कोण ते ठरायला नको का.

कुठलाही मसुदा हातात आला की मी तो नवापूर स्टेशनवर लावून बघतो. सुरत-भुसावळ लाइनवर ज्यांनी प्रवास केलाय त्यांना माहितीये, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, तिकीट खिडकी आपल्याकडे आणि स्टेशन मास्तरचं ऑफिस तिकडे, बाकड्यावर मधोमध रेघ. समजा, नुसतं समजा, त्या रेघेवर उद्या पासपोर्ट लागला. इथल्या माणसाची बहीण पलीकडे गुजरातेत उच्छलला दिलेली, पोरगा सुरतजवळ उधन्याला लूमवर, आधारवर पत्ता सुरतचा, रेशन कार्डात नाव इथे. हा पोरगा कुठला? स्कॉटलंडच्या नियमात दोन्हीकडे बसतो. स्लोव्हेनियाच्या नियमात त्या एका तारखेला तो कुठल्या यादीत होता त्यावर सगळं, आणि दिवाळीला गावी आलेला असला तर अजूनच घोळ.

तरी यात अर्धा खेळ शेजारच्या देशाच्या हातात असतो, हे मसुदा लिहिणारे विसरतात. दक्षिण सुदान 2011 ला सुदानमधून वेगळा झाला, त्यांच्या कायद्यात आजोबा-पणजोबा तिकडचे असले तरी नागरिकत्व. छान. पण खार्तूमच्या, म्हणजे उरलेल्या सुदानच्या, सरकारने लगेच कायदा बदलला, की ज्याला ते मिळालं किंवा मिळू शकतं त्याचं सुदानचं नागरिकत्व गेलं. जन्मभर खार्तूममध्ये राहिलेली माणसं मागितलं नसताना परदेशी झाली.

त्याहून वाईट इरिट्रियाचं. इथिओपियातून वेगळं व्हायच्या 1993 च्या सार्वमतात इथिओपियात राहणाऱ्या इरिट्रियन वंशाच्या लोकांनीपण आनंदाने मत टाकलं, मत देऊन परत आपापल्या दुकानात, नोकरीवर. 1998 ला दोन देशांत युद्ध पेटलं आणि इथिओपियाने म्हटलं, तुम्ही त्या सार्वमतात मत दिलं म्हणजे तुम्ही त्यांचे, निघा. सुमारे 75 हजार लोकांना बाहेर काढलं. त्यामुळे आता मसुदा कितीही गोड असला तरी मी एक ओळ शोधतो, की मत दिलं म्हणून कुणाचं जुनं नागरिकत्व जाणार नाही, आणि त्याखाली दोन्ही सरकारांच्या सह्या, सार्वमताच्या आधीच्या. अजून तरी मला ती कुठे सापडलेली नाही.