राईतली नावं वहीत उतरवताना

दोडामार्ग तालुक्यातल्या आमच्या डोंगरगावाची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं-झुडपं, प्राणी आणि त्यांबद्दलची गावाची माहिती उतरवायची वही, आधीच ‘पूर्ण’ झालेली होती. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती, त्या घाईत कुणीतरी ती भरून दिलेली. ग्रामपंचायतीत मी ती पहिल्यांदा चाळली, तर त्यात बाभूळ होती आणि सुरंगी नव्हती. आमच्या देवराईच्या, देवासाठी राखलेल्या रानाच्या, तोंडाशीच हे सुवासिक फुलांचं झाड उभं आहे! डोळ्यांत पाणीच आलं.

वही नव्याने करायची, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची समिती लागते. आमची कागदावरच होती. ग्रामसभा, ठराव, सह्या यांत चार महिने गेले. समितीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, हे फार बरं झालं, कारण पाल्याची खरी माहिती त्यांच्याकडेच आहे.

मार्चमध्ये मानकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, चपला बाहेर काढल्या आणि आम्ही राईत शिरलो. मी तक्त्यात सुरंगीपुढे ‘फुलांसाठी उपयुक्त’ एवढंच लिहिलं. शेजारची आजी म्हणाली, “बाय, वळेसर करूचो तर कळे उजाडूच्या आदी काढूक होये, ता लिव.” लिहिलं: वळेसर, म्हणजे गजरा, करायचा तर कळ्या उजाडायच्या आधी काढायला हव्यात. मग प्रत्येक झाडापुढे मी आधी तिच्याकडे बघायला लागले.

ओहोळाकाठी रानजायफळ आहे. चिखलातून त्याची मुळं दुमडलेल्या गुडघ्यांसारखी वर येतात, त्यातूनच झाड श्वास घेतं. बी सुकली की रुजत नाही, म्हणजे ओल गेली की पुढची पिढीही गेली. वरच्या बाजूला पाणी अडवू नये, हे आम्ही त्याच पानावर लिहिलं.

सगळ्यात जास्त अडलो नरक्यापाशी. कॅन्सरवरच्या औषधासाठी त्याच्या लाकडाला मागणी आहे, तस्करी होते. जागा लिहिली तर चोराला वाट दाखवल्यासारखं, नाही लिहिली तर झाड आहे याला पुरावा काय? दोन बैठका यावरच झाल्या. शेवटी नाव वहीत घेतलं, जागा मात्र समितीकडच्या वेगळ्या बंद पाकिटात ठेवली. मला हाच निर्णय योग्य वाटतो.

अळंब्यांचं पान अजून कोरं आहे. मृगाचा पाऊस पडला की आजीबरोबर जायचं ठरलंय.