काहिलीवरची मळी आणि टाकीतला फेस

आमच्या घरातली समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी दोनशे लिटरची आहे. अशा टाकीतले पाचव्या हिश्शाचे पाणी दर आठवड्याला बदलावे, असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि पहिले आठ महिने मी तो काटेकोरपणे पाळला. चाळीस लिटर पाणी बदलायचे म्हणजे चाळीस लिटर आर.ओ.चे पाणी लागते, कारण आमच्या बोअरच्या जड पाण्यात थेट मीठ मिसळून चालत नाही. आमचे आर.ओ. यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकते. म्हणजे आठवड्याला एकशे साठ लिटर पाणी उपसायचे, त्यातून मिळालेल्या चाळीस लिटर शुद्ध पाण्यात सुमारे दीड किलो समुद्री मीठ मिसळायचे आणि चाळीस लिटर जुने खारे पाणी गटारात सोडायचे. आर.ओ.तून वाया जाणारे पाणी आम्ही फरशीला आणि संडासाला वापरतो. पण टाकीतून काढलेले खारे पाणी कशालाच वापरता येत नाही. ते झाडांना घातले तर झाडे जळतात आणि काळ्या जमिनीत सोडले तर जमीन चोपण होते, हे आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही.

मी लातूरचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहराला पिण्याचे पाणी आले. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन टँकरची वाट पाहत मीही उभा राहिलो आहे. ज्या गावाने ते दिवस पाहिले, तिथे माशांच्या हौसेपोटी आठवड्याला एवढे पाणी घालवणे मला मनापासून खटकत होते, आणि प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली विरघळलेली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, घरी बांधण्याचा विचार या खटकण्यातूनच आला. तयार स्किमर विकत मिळतात; परंतु माझ्या टाकीला पुरेल असा चांगला स्किमर त्या वेळी माझ्या ऐपतीबाहेर होता. टाकी घेताना दुकानदाराने, नुसते मासे ठेवायचे असतील तर स्किमरची गरज नाही, असे सांगितले होते. मी त्यावर विसंबलो. सहाव्या महिन्यात माशांच्या घाणीतून तयार होणारे नायट्रेट फार वाढले, पाण्याला पिवळट झाक आली, आणि माझा निळा डॅमसेल मासा आधी खाणे सोडून कोपऱ्यात बसू लागला व चार दिवसांनी गेला. त्याच्या मरणाचे कारण नायट्रेटच होते असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण त्या पाण्याची घाण वेळेवर बाहेर काढली नव्हती, एवढे मात्र खरे.

स्किमर काय करतो, हे समजून घेताना मला आमच्या चुलत्यांचे गुऱ्हाळ आठवले. काहिलीत रस तापू लागला की त्यावर मळी येते. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की ती गोळा होऊन वर तरंगते, आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. टाकीत उष्णता नसते, तिथे हे काम हवेचे बुडबुडे करतात. माशांची विष्ठा, त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि उरलेले खाद्य यांतून पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांसारख्या सेंद्रिय रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, तर दुसरे पाण्यापासून दूर पळणारे असते. असा रेणू पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतो. बुडबुडे जितके बारीक, तितका हा पृष्ठभाग मोठा. ते वर चढून अरुंद मानेत आले की त्यांचा फेस होतो, फेसातले पाणी खाली निथळते आणि राहिलेला घट्ट तपकिरी फेस कपात जाऊन पडतो. या घाणीचे जिवाणूंकडून अमोनियात, मग नायट्राइटमध्ये आणि शेवटी नायट्रेटमध्ये रूपांतर होण्याआधीच ती पाण्याबाहेर निघते, हेच या यंत्राचे मोल आहे. एकदा तयार झालेले नायट्रेट मात्र स्किमर काढू शकत नाही.

गोड्या पाण्यात हे यंत्र नीट चालत नाही. याची खात्री मी दोन बादल्या शेजारी ठेवून करून घेतली. एकीत बोअरचे पाणी होते, दुसरीत टाकीच्या क्षारतेचे खारे पाणी. पंपाची हवा बुडबुड्यांच्या रूपात पाण्यात सोडणारा एकच एअर स्टोन आधी एकीत आणि मग दुसरीत सोडला. पहिल्या बादलीत वाटाण्याएवढे बुडबुडे एकमेकांत मिसळत डबडब करीत वर येत होते. दुसरीत पाणी ताकासारखे पांढरे झाले आणि बुडबुडे इतके बारीक होते की सुटे दिसेनात. मिठामुळे बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, एवढाच हा फरक आहे. पण तो डोळ्यांनी पाहिल्यावर सगळी रचना मला सोपी वाटू लागली.

पहिला प्रयत्न मी ठिबकच्या व्हेंचुरीवर केला. आमच्याकडे गल्लोगल्ली ठिबकचे सामान मिळते, आणि विद्राव्य खत ओढून घेणारी व्हेंचुरी पाण्यात हवाही ओढेल, हा माझा तर्क तत्त्वतः बरोबर होता. दुकानदाराने माझा छोटा पंप हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “सर, ह्याला मागून जोर लागतो. ही एवढी मोटार त्याला पुरंना.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. शेतातल्या ठिबकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला एक-दीड किलोचा दाब असतो, म्हणजे दहा-पंधरा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. माझा पंप दीड मीटरच्या वर पाणी चढवत नव्हता. व्हेंचुरीतून पाणी वाहिले, हवा मात्र आत आलीच नाही. त्याच दुकानातून घेतलेल्या १६ मिलिमीटरच्या लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, तुकडा आणि रबरी ग्रोमेट मात्र पुढे फार कामाला आले, कारण पाइपला भोक पाडून त्यात गळती न होऊ देता नळी बसवायला ठिबकच्या ग्रोमेटइतकी सोपी वस्तू मला दुसरी सापडली नाही.

मग मी जुन्या, लाकडी एअर स्टोनच्या रचनेकडे वळलो. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप साठ सेंटिमीटर उंचीचा कापला आणि खाली एंड कॅप चिकटवली. वर रिड्यूसर लावून तोंड अरुंद केले आणि त्यात अॅक्रिलिकची पारदर्शक नळी मान म्हणून बसवली. मान चिकटवलेली नाही. टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट बसवली आहे, म्हणजे धुण्यासाठी काढता येते. मानेवर दोन लिटरची पारदर्शक बरणी आहे. तिच्या बुडाला भोक पाडून मान आत दोन तृतीयांश उंचीपर्यंत घेतली आहे, फट बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनने बुजवली आहे आणि हवा जायला झाकणाला एक भोक ठेवले आहे. टाकीचे पाणी रिड्यूसरच्या थोडे खाली, पाइपच्या भिंतीला स्पर्श करीत तिरके आत येते आणि गोल फिरत खाली उतरते. तळाशी दोन लाकडी एअर स्टोन आहेत, त्यांचे बुडबुडे वर चढतात. पाणी आणि हवा अशी समोरासमोर गेल्यामुळे प्रत्येक बुडबुड्याला घाण गोळा करायला जास्त वेळ मिळतो. स्वच्छ झालेले पाणी तळातून निघून बाहेरच्या उभ्या नळीने मानेजवळच्या उंचीपर्यंत चढते आणि तिथून सम्पमध्ये, म्हणजे पंप ठेवलेल्या जोडटाकीत, पडते. या नळीवरचा व्हॉल्व्ह पिळला की आतली पातळी वरखाली होते.

हा व्हॉल्व्ह पीव्हीसीचाच घ्यावा, असे मी मुद्दाम सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात मला प्रथम पितळी गेट व्हॉल्व्ह देण्यात आला. पितळेत तांबे असते, आणि खाऱ्या पाण्यात सुटणारे तांबे कोळंबीसारख्या कणाहीन जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक ठरते. त्याच कारणाने आत कुठेही धातूचा स्क्रू वापरलेला नाही.

पंपाचा प्रवाह मी लिटरचे माप आणि घड्याळ घेऊन मोजला: एक लिटर भरायला अठरा सेकंद लागले, म्हणजे तासाला दोनशे लिटर. पाइपमध्ये सुमारे पावणेपाच लिटर पाणी मावते, तेव्हा प्रत्येक थेंब आत जवळजवळ दीड मिनिट राहतो. त्याहून मोठा पंप लावला असता तर पाणी घाईघाईने निघून गेले असते आणि बारीक बुडबुडेही त्याच्याबरोबर टाकीत उतरले असते, म्हणून इथे मोठ्या पंपाचा मोह टाळलेला बरा.

सॉल्व्हंट सिमेंट दोन दिवस वाळू दिले, सगळे भाग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने धुतले आणि यंत्र सुरू केले. पहिल्याच तासात पांढरा, पातळ फेस उतू जाऊन बरणी भरली आणि पाणी जमिनीवर आले. नव्या प्लॅस्टिकवर राहिलेल्या अंशांमुळे असे होते, हे वाचलेले असूनही प्रत्यक्षात धावपळ झालीच. पातळी खूप खाली ठेवून आठ दिवस ते तसेच चालू दिले. नवव्या दिवशी मानेच्या आतल्या भिंतीवर पहिले तपकिरी कडे दिसले. बाराव्या दिवशी बरणीत अर्धी वाटी काळपट, दाट आणि उग्र वासाचे पाणी जमले होते. वडिलांनी झाकण उघडून पाहिले आणि म्हणाले, “ही तर मळीच की रे. एवढी घाण त्या पाण्यात होती?” वरून काचेसारखे दिसणाऱ्या पाण्यातून ते निघाले होते, म्हणून मलाही तो प्रश्न पडलाच होता. त्या दिवसापासून घरात या यंत्राला मळीचे नळकांडेच म्हणतात.

दिवाळीत एक अडचण आली. चकल्या तळायला घेतल्या त्या दुपारी फेस एकाएकी बसला आणि दोन दिवस मानेपर्यंत चढलाच नाही. मी पंप उघडून पाहिला, एअर स्टोन बदलले, व्हॉल्व्ह पिळून पाहिला. शेवटी पत्नीच म्हणाली, “अहो, तो हवेचा पंप स्वयंपाकघराच्या दाराशी आहे ना? तळणाची वाफ ओढत असेल.” तेल फेसाचा शत्रू आहे, हे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मला आधी सुचायला हवे होते. पंप गॅलरीत नेला आणि लांब नळी आत आणली. तिसऱ्या दिवशी फेस पूर्ववत झाला. बाहेरची ताजी हवा मिळाल्याने पाण्याचा पीएचही थोडा वर गेला, कारण बंद घरातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. माशांना तेलकट खाद्य घातल्यावर किंवा टाकीत हात घातल्यावरही फेस काही तास असाच बसतो, तेव्हा घाबरून व्हॉल्व्ह पिळायची गरज नसते.

आमच्या उन्हाळ्याचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की टाकीतले पाणी झपाट्याने उडते. मीठ उडत नाही, म्हणून कमी झालेले पाणी रोज साध्या आर.ओ.च्या पाण्याने भरावे लागते. खारे पाणी घातले तर क्षारता वाढत जाते. सम्पची पातळी दोन बोटे उतरली की पंपाला पाणी तेवढे जास्त वर उचलावे लागते, प्रवाह मंदावतो आणि फेस मानेखाली राहतो. म्हणून उन्हाळ्यात मी सकाळ-संध्याकाळ खुणेपर्यंत पाणी भरतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि एवढी हवा पाण्यातून खेळवणारे यंत्र त्या दिवसांत माशांना श्वास घ्यायला मदत करते, हा मला न मागता मिळालेला लाभ. यासाठीच एअर पंप इन्व्हर्टरवर घेतला आहे. पंपाच्या नळीत उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्हही बसवला आहे, नाहीतर वीज गेल्यावर खारे पाणी नळीतून उलटे पंपात शिरते.

स्किमरकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९-१० च्या सुमारास निरनिराळे स्किमर तपासले, तेव्हा ते पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी वीस ते तीस टक्क्यांच्या आसपासच काढू शकतात असे आढळले. उरलेले काम जिवाणूंना आणि पाणी बदलण्यालाच करावे लागते. माझ्या टाकीत प्रवाळ नाहीत. भारतात प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते समुद्रातच असावेत असे मला वाटते. जिवाणूंसाठी मी सिरॅमिकचे कृत्रिम खडक ठेवले आहेत. मासे म्हणजे क्लाउनफिशची एक जोडी आहे, तीही बंदिस्त पैदाशीतली. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपमला या माशांची पैदास यशस्वी केलेली असल्याने समुद्रातून पकडलेले क्लाउनफिश घेण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

यंत्राला आता चौदा महिने झाले. पाणी आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा बदलतो, आणि नायट्रेट पूर्वीपेक्षा कमी राहूनही महिन्याला जवळजवळ पाचशे लिटर पाणी आणि साडेचार किलो मीठ वाचते. लाकडी एअर स्टोन तीन-चार आठवड्यांत चोंदतात. ते मुंबईहून एकदम डझनाने मागवतो. बरणी आणि मान दर तीन दिवसांनी धुवावी लागते, कारण मानेच्या आत बुळबुळीत थर बसला की फेस वर चढत नाही. धुताना साबण अजिबात लावायचा नाही; जुना टूथब्रश आणि साधे पाणी पुरते. हे काम हल्ली वडील आपणहून करतात. बरणी परत बसवल्यावर फेस पुन्हा मानेच्या वर यायला दोन-अडीच तास लागतात, तोवर ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसलेले असतात.