एक नंबर, एक फाईल आणि टाईप करणारा माणूस

कोपनहेगनहून घरी फोन केला की मामा हमखास विचारतात, "अरे, दवाखान्यात कॉम्प्युटर बसवायला एवढी माणसं कशाला लागतात?" कॉम्प्युटर लगेच बसतो. वेळ लागतो तो माणसांच्या कामाची पद्धत बदलायला.

इथं राजधानीचा प्रांत आणि झीलंड प्रांत यांनी मिळून आपल्या सगळ्या सरकारी रुग्णालयांसाठी पेशंटच्या नोंदींची एकच संगणक प्रणाली घेतली. मे २०१६ मध्ये ती हेर्लेव आणि गेन्टॉफ्टच्या रुग्णालयांत सुरू झाली, त्याच नोव्हेंबरात रिग्सहॉस्पिटालेट या मोठ्या रुग्णालयात. मी इथं येण्याआधीची गोष्ट, पण आमच्या कामात तिचा विषय अजून निघतो. पूर्वी डॉक्टर तोंडी सांगायचे आणि सेक्रेटरी टाईप करायची. नव्या पद्धतीत नोंदी आणि औषधं डॉक्टरांनीच भरायची. पेशंटसाठीचा डॉक्टरांचा वेळ स्क्रीनपुढं जाऊ लागला, तपासलेल्या पेशंटांची संख्या घटली. देशभर प्रत्येकाच्या औषधांची एक सामायिक यादी असते, तिच्याशीही ही प्रणाली नीट जुळेना. औषधाच्या नोंदीतली चूक म्हणजे जिवाशी गाठ! २०१८ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी या सगळ्यावर कडक टीका केली.

तरी डेन्मार्कचा पाया भक्कम होता. १९६८ पासून इथं प्रत्येकाला एक नंबर आहे आणि दवाखान्यातली नोंद त्याच नंबरावर होते.

आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात चंदगडहून, कोकणातून माणूस येतो तो एक्स-रे आणि चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन. पिशवी घरी राहिली की तपासण्या परत, खर्च परत. हे पाहिलं की फार वाईट वाटतं. २०२१ पासून आरोग्याच्या नोंदी संगणकावर जोडणारं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर आहे, त्यासाठी प्रत्येकाला १४ आकडी आभा नंबरही मिळतो. पण नुसत्या नंबरानं फाईल तयार होत नाही. प्रत्येक दवाखान्यानं नोंद संगणकावर करायची, पेशंटच्या संमतीनं ती जोडायची, तेव्हा कुठं दुसऱ्या डॉक्टरला ती दिसणार.

आणि ती नोंद करणार कोण? खच्चून भरलेल्या ओपीडीत डॉक्टरांवरच हे काम टाकलं, तर बाहेरची रांग वाढेल आणि थोड्याच दिवसांत सगळे कागदावर परततील. म्हणून माझं ठाम मत आहे: आधी एकाच वॉर्डात सुरू करा, स्क्रीन कशी असावी ते सिस्टर आणि औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारून ठरवा, आणि मशीनच्या खरेदीबरोबरच टाईप करणाऱ्या माणसांच्या पगाराची तरतूद करा.