दुपारी दोनचं निवेदन

४ मे २०२२. आदल्या दिवशी ईदची सुट्टी होती, रात्री फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदराचा निर्णय यायचा होता, त्यामुळे आमच्या सहकारी बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा रोख्यांत गुंतवणाऱ्या विभागात, व्यवहार बेतानेच चालले होते. अचानक कळलं, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास दोन वाजता बोलणार आहेत. व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची ठरलेली बैठक तर जूनमध्ये होती!

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो, ४ वरून ४.४० टक्के; सीआरआर, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा तो, ४ वरून ४.५० टक्के. निवेदन सुरू असतानाच स्क्रीनवरचे रोख्यांच्या खरेदीचे भाव भराभर मागे घेतले जाऊ लागले. सोबतच्या तरुण डीलरने विचारलं, "सर, विकूया का?"

"आत्ता भाव कोण देणार? आधी एएफएसमध्ये किती रोखे आहेत ते काढ."

मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या रोख्यांना लगेच झळ नव्हती. एएफएसमधल्यांचं, म्हणजे विक्रीसाठी उपलब्ध ठेवलेल्यांचं, मूल्य मात्र बाजारभावाने धरावं लागतं. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा यील्ड, म्हणजे परताव्याचा दर, ७.१२ टक्क्यांच्या आसपास होता, तो ७.३८ वर बंद झाला. यील्ड चढला की रोख्याची किंमत उतरते. शंभर रुपयांमागे पावणेदोन रुपयांच्या आसपास फटका. सेन्सेक्स १,३०० हून जास्त अंशांनी पडला, तोही नेमका एलआयसीची समभागविक्री खुली झाली त्या दिवशी.

दरवाढ हवीच होती, हे मी तेव्हाही म्हणत होतो. मार्चची महागाई ६.९५ टक्क्यांवर होती, युक्रेन युद्धाने खाद्यतेल भडकलं होतं. गव्हर्नरांनी सांगितलं की २२ मे २०२० ची दरकपात आपण मागे घेतोय आणि हे एप्रिलमध्ये जाहीर केलेल्या, सैल धोरण आवरतं घेण्याच्या भूमिकेला धरूनच आहे. धरून होतं, मान्य. पण एप्रिलचं निवेदन वाचून आम्ही जूनची तयारी करत होतो. त्याच रात्री फेडने अर्धा टक्का वाढवला; फेडचे अध्यक्ष पॉवेल यांनी त्याची कल्पना एप्रिलमध्येच दिली होती. आमच्यासारख्या बँकेत अर्थतज्ज्ञ नेमलेला नसतो. गव्हर्नरांच्या वाक्यांवरच आम्ही ठेवीदारांचा पैसा कुठे, किती मुदतीला लावायचा ते ठरवतो. म्हणून ती वाक्यं वेळेवर यायला हवीत.

२३ मे रोजी दास यांनी दूरचित्रवाणीवर उघड सांगितलं की जूनमध्ये दर वाढणार, यात विचार करण्यासारखं काही नाही. आमच्या गुंतवणूक समितीने त्याच आठवड्यात लांब मुदतीचे रोखे कमी केले. ८ जूनला वाढ मेपेक्षा मोठी, अर्ध्या टक्क्याची झाली, तरी त्या दिवशी आमच्याकडे कुणाला धावपळ करावी लागली नाही.